हिवाळ्यातील कोरडी त्वचा : ओलावा आणायचा नसतो, राखायचा असतो

मार्गशीर्ष लागला, की पालघर, बोईसर आणि तारापूरच्या किनारपट्टीत वाऱ्याचा स्वभाव पालटतो. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा दमटच असतो. परंतु रात्री आणि पहाटे तो पूर्वेकडून, जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो. हा वारा गार असतो आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोरडा असतो. भातकापणी आटोपून खाचरे उघडी पडलेली असतात, बांधांवरचे गवत पिवळे झालेले असते आणि दोरीवरचे धुणे बघता बघता खडखडीत वाळते. धुण्यातील पाणी ओढून घेणारी हीच हवा पाम, कुंभवली, नवापूर, मुरबे या गावांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या त्वचेतील पाणीही ओढून घेत असते.

‘समुद्राकाठी कसली आली थंडी?’ असे आपण सहज म्हणतो. निफाडसारखा पारा येथे उतरत नाही, हे खरेच आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यातील गारठाही किनाऱ्यावर जाणवत नाही. परंतु त्वचेला केवळ पाऱ्याचा आकडा कळत नाही. हवेचा कोरडेपणा आणि स्वतःचे वय या दोन्ही गोष्टी तिला कळतात. म्हणूनच तरुण मुलाला जी हवा आल्हाददायक वाटते, त्याच हवेत त्याच्या आजीच्या नडग्यांवर पांढरे खवले उठतात, पाठीला खाज सुटते आणि टाचा उलतात.

या तक्रारीकडे घरात सहसा कोणी गांभीर्याने पाहत नाही. ‘वय झाले, आता असे व्हायचेच,’ असे म्हणून विषय संपतो. परंतु रात्री दोन वाजता खाजेने जाग आलेल्या माणसाची झोप पुन्हा लागत नाही. फणी, झाडूचा हीर, हाताला लागेल त्या वस्तूने तो अंग खाजवीत राहतो. वृद्धापकाळी पातळ झालेली त्वचा लवकर सोलवटते आणि त्या ओरखड्यातून जंतूंना वाट मिळते. मधुमेही व्यक्तीच्या टाचेची एक भेग महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमेत बदलू शकते. तेव्हा हा सौंदर्यप्रसाधनाचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न आहे. सुदैवाने त्यावरील उपाय बहुतेक घरांच्या आवाक्यातील आहे.

त्वचा कोरडी का पडते?

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर शरीराच्या बहुतेक भागांवर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. चपट्या, मृत पेशी विटांप्रमाणे एकमेकींवर रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधील जागा विशिष्ट स्निग्ध पदार्थांनी भरलेली असते. या थराचे मुख्य काम म्हणजे शरीरातील पाणी आत धरून ठेवणे. भातखाचराच्या बांधाशी त्याची तुलना करता येईल. बांध धड असेल तर पाणी खाचरात राहते. बांधाला भगदाड पडले, की वरून कितीही पाणी सोडा, ते टिकत नाही.

वय वाढते तसा हा बांध आपोआप कमकुवत होत जातो. तैलग्रंथी व घर्मग्रंथींचे काम मंदावते, पेशींमधील स्निग्धांश पूर्वीच्या वेगाने तयार होत नाही. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर हा फरक अधिक जाणवतो. लघवी वाढविणाऱ्या काही गोळ्या, कोलेस्टेरॉल कमी करणारी काही औषधे, मधुमेह, थायरॉइडची मंदगती आणि मूत्रपिंडाचे आजार यांनीही कोरडेपणात भर पडते. नडग्यांवर मुळातच तैलग्रंथी कमी असतात, म्हणून हिवाळ्याची पहिली खूण तेथे दिसते. कोरडेपणा फार वाढला, तर तेथील त्वचा आटलेल्या तळ्याच्या तळासारखी बारीक बारीक रेषांनी चिरते.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मलम किंवा तेल त्वचेला पाणी ‘देत’ नाही. असलेले पाणी ते अडवून धरते. म्हणून कोणते मलम लावले, याइतकेच ते केव्हा लावले, हेही महत्त्वाचे ठरते. कोरड्या ठणठणीत त्वचेवर चोपडलेल्या तेलाला अडविण्यासाठी फारसे पाणीच नसते. आंघोळीनंतर त्वचा अद्याप ओलसर असताना ते लावले, तर आंघोळीचे पाणी त्वचेत राहते. हिवाळ्याची सारी काळजी या एका सूत्राभोवती फिरते.

आंघोळ : थोडक्यात आणि कोमट

थंडीत कढत पाण्याचा मोह कोणालाही होतो. बंबातील वाफाळते पाणी पाठीवर घेतले, की खाज घटकाभर शमते देखील. परंतु हे सुख फसवे आहे. कढत पाणी पेशींमधील स्निग्धांश धुऊन नेते आणि तासाभरात खाज दुपटीने परतते. पाणी कोमट असावे. आंघोळ घालणाऱ्याने ते हाताच्या बोटांनी नव्हे, तर कोपराने पाहावे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी पायाने पाण्याची परीक्षा कधीही करू नये. आंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटोपावी.

साबणाविषयी घरोघरी गैरसमज आहे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर नेहमीचा वडीसाबण चांगलाच अल्कधर्मी असतो. घरी बसून असलेल्या वृद्ध व्यक्तीच्या हातापायांवर, पाठीवर रोज साबण चोळण्याचे कारण नाही. काखा, जांघा, गुह्यभाग आणि पावले एवढ्या ठिकाणी सौम्य साबण पुरे. उर्वरित अंगाला कोमट पाणी पुरते. ज्यांच्या घरी बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी येते, तेथे साबणाचा चिकट थर अंगावर सहज राहतो. अशा घरांत साबण आणखी कमी वापरावा आणि अंग नीट खळबळून धुवावे. दिवाळीतील उटणे सणापुरते ठीक. हिवाळाभर रोज डाळीच्या पिठाने अंग घासल्यास उरलासुरला स्निग्धांशही निघून जातो. वज्रीने नडग्या घासणे तर टाळावेच.

अंग पुसताना पंचा खसाखसा चोळू नये. तो हलकेच टिपावा. त्वचा जराशी ओलसर राहू द्यावी आणि साधारण तीन मिनिटांच्या आत मलम किंवा तेल लावावे. त्यासाठी मलमाची डबी कपाटात न ठेवता पंचाशेजारीच ठेवावी.

येथे एक धोक्याची सूचना. वृद्ध व्यक्तींच्या बाबतीत कोरड्या त्वचेपेक्षा न्हाणीघरातील निसरडी फरशी कितीतरी घातक असते. एकदा पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर अनेकांना पुन्हा पूर्वीसारखे चालता येत नाही. म्हणून तेल वा मलम न्हाणीघरात उभ्याने लावू नये. बाहेर येऊन, खुर्चीवर बसून लावावे. तळपायांना सर्वांत शेवटी लावावे, ते मुरेपर्यंत उठू नये आणि नंतर घसरणार नाहीत असे सुती मोजे किंवा घट्ट बसणारी चप्पल घालावी. आंघोळीपूर्वी तेल चोळण्याची सवय असेल, तर फरशीवर सांडलेले तेल लगेच साबणाने धुऊन काढावे आणि आंघोळ स्टुलावर बसूनच करावी.

काय लावावे?

आपल्याकडे अभ्यंगाची परंपरा जुनी आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायात नित्य अभ्यंग सांगितला असून मस्तक, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला आहे. आंघोळीपूर्वीच्या या अभ्यंगाला हिवाळ्यात आंघोळीनंतरच्या हलक्या हाताची जोड द्यावी, कारण आधी लावलेले तेल साबणाने बरेचसे निघून जाते.

खोबरेल तेल आपल्या किनाऱ्यावर घरोघरी असते आणि ते या कामी खरोखरच उपयोगी आहे. फिलिपिन्समध्ये कोरड्या त्वचेच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात शुद्ध खोबरेल तेल आणि खनिज तेल या दोहोंचा गुण सारखाच आढळला. थंडीत गोठलेले खोबरेल उन्हात किंवा कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करावे. थेट आचेवर धरू नये. सुगंध मिसळलेले तेल टाळावे. मोहरीचे तेल काहींच्या त्वचेला झोंबते. ऑलिव्ह तेलाचा बोलबाला फार असला, तरी ते त्वचेचा संरक्षक थर उलट सैल करते, असे अभ्यासांत दिसले आहे. महागाचे ते चांगले, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

कोकमाच्या बियांपासून निघणारे घट्ट कोकमतेल कोकणात टाचांच्या भेगांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. आदिवासी पाड्यांवर मोहाच्या बियांचे तेल अंगाला लावतात. या स्थानिक स्निग्ध पदार्थांना कमी लेखण्याचे कारण नाही. फक्त ते ताजे, स्वच्छ आणि खवट वास न आलेले असावेत.

पाणी अडविण्याच्या कामात साधी पेट्रोलियम जेली अग्रेसर आहे. अमेरिकेत १८७२ साली पेटंट घेतले गेलेला हा पदार्थ आजही त्वचारोगतज्ज्ञ नडग्या, कोपरे आणि टाचांसाठी सुचवितात. तो चिकट वाटतो, म्हणून थोडासा ओल्या तळहातावर घेऊन पसरावा. ग्लिसरीन हवेतील आणि त्वचेच्या खालच्या थरांतील पाणी वर ओढून धरते; परंतु निव्वळ ग्लिसरीन कोरड्या हवेत लावल्यास चुरचुरते. ते पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून, ओलसर त्वचेवर लावावे. त्यात लिंबू पिळण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी; चिरलेल्या त्वचेवर लिंबाचा रस आग करतो. खाजेवर वेदनाशामक बाम चोळणेही टाळावे. त्याचा गारवा क्षणभराचा असतो आणि नंतर त्वचा अधिक बिघडते.

बाजारातील तयार उत्पादनांत लोशन सर्वांत पातळ, क्रीम त्याहून दाट आणि ऑइंटमेंट सर्वांत स्निग्ध असते. वृद्धांच्या कोरड्या त्वचेला दाट क्रीम किंवा ऑइंटमेंट अधिक मानवते. डबीवर सुगंधरहित असे लिहिलेले पाहून घ्यावे. सर्वांगाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम क्रीम लागते. हे प्रमाण ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. कारण आपण महागडी छोटी ट्यूब आणतो आणि थेंबथेंब पुरवून वापरतो. त्यापेक्षा स्वस्त आणि मुबलक बरे. मलम केसांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने लावावे. दिवसातून दोन वेळा, म्हणजे आंघोळीनंतर आणि झोपण्यापूर्वी, लावण्याचा क्रम ठेवावा. रात्री लावताना ओल्या फडक्याने त्वचा आधी टिपून घेतली, तर तेच सूत्र पुन्हा साधते.

पाणी भरपूर प्यायल्याने त्वचा मऊ होते, असा एक समज आहे. त्वचेवर त्याचा परिणाम थोडाच होतो. तरीही वृद्धापकाळी तहान कमी लागते आणि थंडीत पाणी पिण्याचे राहून जाते, म्हणून वेळेवर पाणी, पेज, सूप द्यावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र ती मर्यादा मोडू नये.

टाचा, आणि मधुमेह

टाचांच्या भेगांसाठी रात्री पावले दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावीत, टिपून घ्यावीत आणि त्यावर पेट्रोलियम जेली, कोकमतेल किंवा सुमारे १० टक्के यूरिया असलेले क्रीम लावून सुती मोजे घालावेत. यूरियाचे क्रीम उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेवर झोंबते; तेथे ते लावू नये.

मधुमेहींसाठी नियम वेगळे आहेत. त्यांनी पाय पाण्यात भिजवत ठेवू नयेत. धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, पावलाच्या वर आणि खाली क्रीम लावावे. बेचक्यांत मात्र लावू नये, कारण तेथे ओल साचून बुरशी धरते. भेगेची कडा ब्लेडने कापणे, कुरूप खरवडणे, पायाशी गरम पाण्याची पिशवी घेणे हे तिन्ही प्रकार पूर्ण वर्ज्य समजावेत. रोज रात्री तळपाय पाहावा. ज्यांना वाकता येत नाही, त्यांनी जमिनीवर आरसा ठेवून पाहावा किंवा घरातील कोणाला तरी पाहायला सांगावे. दिसलेली छोटी जखम दोन दिवसांत बरी होण्याच्या मार्गाला लागली नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी

शुश्रूषा करणाऱ्यांना येथे दुहेरी काळजी घ्यावी लागते. नडग्या, हात आणि पाठ कोरडी पडते; त्याच वेळी जांघा आणि माकडहाडाजवळचा भाग लघवी-घामाने ओला राहतो. कोरड्या भागाला क्रीम, आणि ओल्या भागाला स्वच्छ करून, टिपून, झिंक ऑक्साइडचे किंवा पेट्रोलियम जेलीचे पातळ आवरण, अशी विभागणी ठेवावी. डायपर ओला झाल्यावर लगेच बदलावा. टाच, माकडहाड, खुबा यांवर लाली दिसली आणि बोटाने दाबूनही ती पांढरी पडली नाही, तर ती शय्याव्रणाची सुरुवात असू शकते. त्या जागी चोळू नये. चोळल्याने आतील ऊती अधिक दुखावतात. कूस बदलावी, त्या जागेवरचा भार काढावा आणि डॉक्टरांना कळवावे.

उचलताना, कूस बदलताना हात धरून ओढू नये. पातळ त्वचा कागदासारखी फाटते, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास. रुग्णाची नखे बारीक ठेवावीत, आणि आपलीही. अंगाला लागून मऊ सुती कपडा घालावा, लोकर त्यावरून असावी. चादरी धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळाव्यात.

शेकोटीपासून सावध

पहाटे अंगणात पेटलेली शेकोटी ही आपल्या गावांची जुनी सोबत आहे आणि वृद्धांना ती सोडायला सांगणे निष्ठुरपणाचे ठरेल. अंतर मात्र राखावे. रोज जवळून शेक घेतल्यास नडग्यांवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उमटतात. काश्मिरात कांगडी वापरणाऱ्यांमध्ये ते पूर्वापार ठाऊक आहेत. शिवाय शेकाने त्वचा अधिकच वाळते. दुसरा धोका त्याहून मोठा आहे. तेल वा मलम मुरलेले लुगडे, धोतर किंवा पांघरूण ठिणगी पडताच लवकर पेट घेते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता. मलम लावल्यावर शेकोटी, चूल, देव्हाऱ्यातील समई आणि विडी यांपासून दूर राहावे, आणि असे कपडे वरचेवर गरम पाण्याने धुवावेत.

हा केवळ कोरडेपणा नव्हे, असे केव्हा समजावे?

दोन आठवडे नीट काळजी घेऊनही खाज कमी होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. पुरळ नसताना सर्वांगाला सुटणारी खाज मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांच्या आजारांत किंवा रक्तातील लोह कमी झाल्यास दिसते. चालू औषधांमुळेही ती होऊ शकते. जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.

खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर बारीक पुरळ असेल आणि घरातील आणखी कोणाला तसाच त्रास असेल, तर तो खरजेचा संसर्ग असण्याची शक्यता अधिक. त्यावर तेल लावून उपयोग नाही. घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते.

त्वचेवर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, तो कोरडा असेल आणि तेथे स्पर्श, उष्णता वा वेदना कमी जाणवत असेल, तर विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करावी. तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावरील बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळतो आणि वेळेवर घेतल्यास आजार पूर्ण बरा होतो. लाजेने चट्टा झाकून ठेवणे, एवढीच यातील खरी हानी.

एक पाय लाल, गरम, सुजलेला असेल आणि ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि एक कळकळीची विनंती : औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ म्हणून मिळणारी स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमे स्वतःच्या मनाने वापरू नयेत. चार दिवस बरे वाटते. पुढे त्वचा आणखी पातळ होते आणि बुरशीचा संसर्ग पसरतो.

रोजची पाच मिनिटे

सारांश असा : कोमट पाणी, थोडा साबण, हलके टिपणे आणि ओलसर त्वचेवर लगेच मलम, रात्री पुन्हा एकदा. यासाठी दिवसाची पाच मिनिटे पुरतात. वडीलधारी माणसे आपण होऊन ‘माझी पाठ खाजते’ असे सांगत नाहीत. कोणाला त्रास नको, असे त्यांना वाटते. पाठीवर त्यांचा स्वतःचा हातही पोहोचत नाही. ‘आजी, जरा पाठ कर बघू,’ असे म्हणून मुलाने, सुनेने किंवा नातवाने रोज ती पाच मिनिटे दिली, तर त्वचा मऊ राहतेच. शिवाय नवी जखम, नवा चट्टा, नवी सूज त्याच दिवशी नजरेस पडते. लवकर दिसलेला आजार बहुधा लवकर बराही होतो. या हिवाळ्यात मलमाची डबी पंचाशेजारी ठेवावी आणि आंघोळीनंतरची ती पाच मिनिटे रोज राखून ठेवावीत.